दहाच्या फुलांनी केलेला घात

१ मार्च १९३६, रविवार
कचेरीतल्या मारुतीरावांनी फुलझाडाच्या फांद्या दिल्या. जमिनीलगत पसरतं, पानं बारीक, रसाळ. फुलं गुलाबी, पिवळी, शेंदरी म्हणे. नाव विचारलं, तर दहाचं फूल. म्हणजे एका फांदीला दहा. सहा कुंड्या भरल्या. कॅम्पातल्या फ्लॉवर-शोचा कप यंदा आमच्या ठळकवाडीत येणार, हे लिहून ठेवतो.

११ मार्च
कचेरीला निघताना कळ्या टरारलेल्या. संध्याकाळी बघतो तर सगळ्या चुरगळलेल्या. सौ. म्हणते, दुपारी लई फुललीवती, शेजारच्या चंपाबाईपण बघून गेल्या. न विचारता साक्षीदार उभा केला, तिथेच मला संशय आला. फुलं हिच्या देवपूजेला जातात. घरातच दगा.

१५ मार्च, रविवार
जातीने पहारा. चोरी नको म्हणून पहाटेच कुंड्या माजघरात आणल्या आणि समोर बसलो. एक कळी उमलली नाही. सौ. निर्दोष. दगा मारुतीरावांचा. त्यांचे गुलाब शोमध्ये आहेत, हे आत्ता आठवलं. ज्याच्याबरोबर रोज डबा वाटून खाल्ला, त्याने वांझ झाड द्यावं. फार लागलं.

१६ मार्च
मारुतीरावांना आडून विचारलं. म्हणाले, उन्हात ठेवा की, उन्हाचं झाड हाय ते. म्हणजे आता जाळायला सांगतात. मी नुसता हसलो. तरी कुंड्या बाहेर ठेवल्या, उगाच त्यांना बोलायला जागा नको.

२१ मार्च, शनिवार
फ्लॉवर-शो. परीक्षक गोरे साहेब टेनिस आटपून संध्याकाळी आले. तोवर माझ्या सहाही कुंड्यांनी तोंडं मिटलेली. साहेबांनी वाकून पाहिलं, माळ्याला विचारलं. माळी म्हणाला, घोळ असंल, भाजीतली. लगेच कुंड्या पलीकडच्या टेबलावर गेल्या. भाजीपाला विभाग, उत्तेजनार्थ. मारुतीरावांनी टाळ्या वाजवल्या. कप त्यांच्या गुलाबांना.

२२ मार्च, रविवार
अंथरुणातून उठलो नाही. सौ. म्हणाली, अहो, दहाचं म्हणजे दहा वाजता फुलणारं. तुम्ही गेलात की फुलतं, यायच्या आत मिटतं. एकदा दुपारी बघा तरी, मी खोटं बोलत न्हाय. हे मला आधी सांगायला काय झालं होतं?

२३ मार्च, सोमवार
पोटदुखीची रजा काढली. अंगणात कुंड्यांसमोर खुर्ची टाकून बसलो. सकाळपासून आभाळ भरलेलं. दहा वाजले, बारा वाजले, कळ्या तशाच. सौ. सारखी दारात येऊन आभाळाकडे बघत होती. माझ्यापेक्षा तिलाच जास्त वाईट वाटत असावं. चहा पुढे ठेवून म्हणाली, उद्या तुम्ही कचेरीला गेलात की फुलतील बघा.