ॲनीच्या हातातली मेणबत्ती

ठाणे, रविवार, ता. ५ नोव्हेंबर १८९९

प्रिय जोसीबाय,

देवाच्या कृपेनं इथे सगळं बरं आहे. तू, ऑस्वल्डभावजी आणि मुलं कल्याणला सुखात असाल अशी आशा करतो. पावसाळाभर आयचे गुडघे धरले होते, आता पुन्हा देवळापर्यंत चालत जाते. मी अजून मिठाच्या कचेरीतच आहे. साहेब बदलला, पण शिव्या त्याच.

तुझ्या मागच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्यात तू एकच गोष्ट विचारली होतीस. तिच्याकडे मी येणार आहे, पण आधी दुसरी बातमी ऐक. मी फोनोग्राफ घेतला. मेणाच्या नळीवर माणसाचा आवाज कोरतो आणि परत ऐकवतो, ते यंत्र. नवं नाही, वापरलेलं. तुझा भाऊ एवढा साहेब झालेला नाही.

तलावाजवळच्या बंगल्यातला गोरा इंजिनेर विलायतेला परत निघाला, त्याच्या सामानाचा लिलाव होता. तिथे दोन यंत्रं होती. एकाचा पितळी कर्णा इतका लखलखीत की मी त्याच्यापाशीच खिळलो. बरोबर कचेरीतला सहदेव होता. तो म्हणाला, "अरे इनास, पोरगी बघायला आलायस का? तोंड काय बघतोस, चावी फिरवून बघ." फिरवली तर आत स्प्रिंग तुटलेली, हाताला नुसती खरखर लागली. दुसऱ्याच्या कर्ण्याला पोचे आलेले, पेटीला वाळवीची भोकं, पण चावी दिल्यावर ते एका लयीत फिरत राहिलं. तेच उचललं. बरोबर मेणाच्या काही नळ्या मिळाल्या, बऱ्याचशा बुरशी आलेल्या.

मग काय, उपासाला रताळं मिळाल्यासारखा मी त्याच्यावर तुटून पडलो. चाकांवरचं जुनं तेल डिंकासारखं घट्ट झालं होतं, ते घासलेटनं धुतलं. कातडी पट्टा कुजला होता, मोच्याकडून नवा कापून आणला. यंत्राला दोन सुया असतात, एक ऐकायची आणि एक कोरायची. मी शहाण्यानं पहिलीच नळी कोरायच्या सुईखाली घातली आणि तिच्यावरचं गाणं पुसून टाकलं. सहदेव अजून मला त्यावरून चिडवतो.

इथपर्यंत मजेत लिहिलं. आता लिहिणं जड जातं.

एका नळीवर कोणी मड्डम गात होती. भाषा कळत नव्हती, पण गळा गोड. त्या नळीचा काठापासून एक टवका उडाला होता आणि सुई तिथे अडखळायची. भरायला मेण हवं होतं. घरातल्या अल्तारीत, क्रूसाखालच्या खणात मेणबत्तीचा एक तुकडा सापडला. मेण ते मेण, असं मला वाटलं. चमचा तापवून मी ते टवक्यात भरलं आणि बोटानं सारखं केलं.

आय चुलीकडून आली. उरलेली वात तिनं हातात घेतली. "ही कंची रं?"

मग माझ्या ध्यानात आलं. फेब्रुवारीत देवळातून आशीर्वादित करून आणतो, ती मेणबत्ती होती. मरणाऱ्याच्या हातात देतो ती. आपली धाकटी ॲनी गेली तेव्हा तिच्या हातात दिलेली.

आय रागावली नाही. म्हणाली, "लाव." मी नळी लावली. मेणबत्तीचं मेण नळीच्या मेणाहून मऊ, त्यामुळे दर फेऱ्याला सुई त्यात थोडी रुते आणि कर्ण्यातून हलका आवाज निघे. मड्डम गात होती आणि गाण्याच्या खाली कोणीतरी धापा टाकत होतं. कारण मला ठाऊक होतं, मीच केलेलं काम ते. तरी माझ्या अंगावर काटा आला.

आय म्हणाली, "ॲनी."

त्या दिवसापासून ती रोज नळी लावायला सांगायची. प्रत्येक फेऱ्याला सुई मेण थोडं झिजवते. हळूहळू गाणं विरत गेलं, पण धाप तशीच राहिली. आय कर्ण्याशी पाट मांडून बसायची. एकदा गल्लीतून बुटांचा आवाज आला, पोस्टमन होता. आयनं झटकन कर्ण्याच्या तोंडावर तळहात दाबून धरला. पावलं लांब जाईपर्यंत काढला नाही. नंतर हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. कोणीही वाटेनं गेलं की तिचा हात कर्ण्यावर.

जोसीबाय, तू विचारलं होतंस, ॲनी आजारी पडली तेव्हा मला का कळवलं नाही, मातीला तरी का बोलावलं नाही.

तिला गाठ आली हे आम्ही कोणालाच कळू दिलं नव्हतं. प्लेगचे शिपाई घरोघर फिरत होते. आजारी दिसला की छावणीत नेत, आणि तिथून परत आलेलं कोणी आयनं पाहिलं नव्हतं. तुला निरोप पाठवला असता तर तू धावत आली असतीस, कल्याणच्या स्टेशनावर डॉक्टरांनी अडवून विचारलं असतं. म्हणून खिडक्या लावून घेतल्या. शेवटच्या दिवशी शिपाई आपल्या गल्लीत आले. ॲनीला धाप लागली होती, ती दारापर्यंत ऐकू जात होती. आयनं तिच्या तोंडावर हात धरला. शिपाई पुढे गेले. ॲनी त्यानंतर संध्याकाळपर्यंत होती, माझ्याशी दोन शब्द बोललीसुद्धा. आयच्या हातानं ती गेली नाही, हे मी शपथेवर सांगतो. आयलाही सांगितलं. पण आय ते ऐकून घेत नाही.

गुरुवारी, मृतांच्या दिवशी, कबरस्तानातून आलो. आय म्हणाली, "मना तिच्यासंगं बोलायचं हाय. त्याच नळीत."

मी समजावलं. कोरायचं तर आधी नळी तासावी लागेल, त्यात ॲनीची धाप जाईल, मग ती परत ऐकू येणार नाही. तुला नवी नळी आणून देतो.

"तीच," ती म्हणाली.

मी तासली. तासताना मला रडू आलं, तिला आलं नाही. मग कोरायची सुई लावली आणि चावी दिली. आय कर्ण्यात वाकली. हात मात्र तिनं पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.

"ॲनी, ते गेले गो. आता मोकला श्वास घे. मोठ्यानं घे. तुला कोन नेयाचा नाय. नीज गो माजे बाय, मी हितंच हाय."

मी ऐकायची सुई लावली. कर्ण्यातून आयचा आवाज आला, जरा बारीक, पण तिचाच. त्याच्या खाली काही नव्हतं. आयनं कान लावून शेवटपर्यंत ऐकलं.

"निजली," ती म्हणाली.

तेव्हापासून तिनं नळी लावायला सांगितलेलं नाही. काल जेवताना स्वतः होऊन म्हणाली, "जोसीला लिव. का बोलवली नाय ते समदं लिव. आन म्हणावं, येशील का?" तू येशील की नाही याची तिला खात्री नाही. मलाही नाही. इतके दिवस आम्ही तुझी मोठी बहीण असण्याची जागाच काढून घेतली, राग धरलास तर तो खरा आहे.

हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. तोंडावर हात धरल्याचं आलं तिथे मी थांबलो आणि विचारलं, हे खोडू का. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तिची बहीण हाय ती."

तुझा धाकटा भाऊ,
इनास

आयला सही येत नाही. खालचा क्रूस तिनं स्वतः काढला आहे.

✝