सोवळे फिरंगी

पटाया, मंगळवार दुपार

प्रिय फाई,

मोबाइलवर लिहिलं असतं तर तू नेहमीसारखा तो नाचणारा ससा पाठवून मोकळी झाली असतीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस. सहावीत शाळा सुटली, आणि त्यानंतर माझा हात पेनापेक्षा ग्लास पुसण्यात जास्त गेला. आत्ता बार झाडून झालाय. बारमधली जिआब खुर्चीवर पाय घेऊन पपईचं सलाड खाते आहे, आणि कोपऱ्यात पंख्याखाली बर्नार्ड त्याची एक बाटली घेऊन बसलाय, जी त्याला संध्याकाळपर्यंत पुरते. तुझा कॉलिन परवा येऊन गेला. मी, तुझ्या सख्ख्या बहिणीने, तुझ्या लग्नाला येऊ नये, असं त्याचं म्हणणं आहे. सरळ बोलला नाही, पाऊण तास गोल गोल फिरून तिथे पोचला. त्याबद्दलच लिहायचंय, पण आधी डोकं जरा थंड करून घेते. नाहीतर पहिल्याच पानावर शिव्या येतील, आणि तू पडलीस कॉलेजात शिकवणारी.

एकोणीस वर्षं मी फिरंगी बघते आहे. त्यांच्यात दोन जाती आहेत, एक पंधरा दिवसांसाठी येणारी आणि एक परत न जाणारी. पंधरा दिवसवाल्यांना अक्कल नसते, हे मी आधीच सांगून टाकते. गेल्या महिन्यात ओस्मो म्हणून एक फिनलंडचा माणूस आला होता. लालबुंद, मानेवरची कातडी सोललेली. तो दिसेल त्याला हात जोडायचा. जिआबला, बर्फवाल्याला, समोरच्या गल्लीतल्या लंगड्या कुत्र्यालासुद्धा. जिआब म्हणाली, “ताई, याला सांगा ना, कुत्रा अजून भिक्षू झालेला नाही.” तिसऱ्या दिवशी तो जिआबच्या प्रेमात पडला, पाचव्या दिवशी तिला स्वतःच्या आईचा फोटो दाखवून रडला, आणि नवव्या दिवशी शेजारच्या बारमधल्या पोरीच्या प्रेमात पडला. हे लोक असेच. घरी यांना शेजारी ओळखत नाही, आणि इथे एक पोरगी हसली की यांना वाटतं आपण राजबिंडे आहोत. गाणी ओरडत म्हणतात, उघड्या अंगाने रस्त्यावर फिरतात. त्यांच्यापैकी एकालाही मी घरात घेणार नाही.

पण न परतणारे त्यांच्याहून भारी. यांची पहिली गोष्ट म्हणजे वर्षं. दोन फिरंगी भेटले की नावगाव नंतर, आधी “किती वर्षं झाली?” ज्याची जास्त तो शहाणा. बर्नार्डची चौदा आहेत, आणि ती तो एखाद्या पदकासारखी छातीवर लावून बसतो. पर्यटकांना तो येडे म्हणतो. पोरींना पर्यटकांनी बिघडवलं म्हणतो. खरा थायलंड या गल्लीत नाहीच, तो खेड्यात आहे, भातशेतीत आहे, असं तो रोज सकाळी अकरापासून याच गल्लीत बसून सांगतो. भातशेतीत त्याला कुणी एक दिवस उभं करावं, म्हणजे खरा थायलंड गुडघ्यापर्यंत कळेल. आपल्या बारची ती घंटा तुला आठवत असेल, गल्ल्यावर टांगलेली. जो वाजवील त्याने सगळ्यांना पाजायचं. नवख्याला हे माहीत नसतं. बर्नार्ड काय करतो, नवा माणूस आला की मोठ्या अगत्याने उठून त्याला घंटेखालची खुर्ची देतो. दोरी बरोबर त्या माणसाच्या कानाशी लोंबते. तो बापडा गंमत म्हणून ओढतो, आणि चौदा वर्षांचे पंडित फुकटची बाटली घेऊन पुन्हा पर्यटकांच्या मूर्खपणावर भाषण सुरू करतात. ओस्मोने ती तीनदा वाजवली. तिसऱ्यांदा त्याला नियम माहीत होता, तरी वाजवली. बर्नार्ड त्यालाही येडाच म्हणाला.

आणि आपले लोक काय कमी आहेत? सुट्टीच्या दिवसांत बँकॉकची कुटुंबं गल्लीतून मिरवत जातात. बाई पोराच्या डोळ्यांवर हात ठेवते आणि स्वतः मान वळवून वळवून बघते. नवरा म्हणतो, “हे सगळं फिरंग्यांमुळे.” त्याच नवऱ्याचं ऑफिस महिन्यातून दोनदा काळ्या काचांच्या कराओकेत जातं, तिथे फिरंगी औषधालासुद्धा सापडायचा नाही. पण तिथे पडदा आहे ना, मग चालतं. गावात थोंगसाई मावशी मला बघून नाक मुरडते आणि लगेच विचारते, देवळाच्या नव्या छपराला यंदा काय देतेस. बारच्या वाढदिवसाला नऊ भिक्षू येतात, पोरी सोवळ्यासारखे पांढरे कपडे घालून पुढ्यात बसतात, मंत्र होतात, जेवणं होतात. माझं अन्न पवित्र, मी नाही. मी हे एकोणीस वर्षं हसून घेतलं. हसणं हा माझा धंदाच आहे.

तर कॉलिन. सकाळी अकराला आला, म्हणजे कुणी बघायला नको. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, आणि हातात आजाऱ्याला नेतात ती टॉनिकच्या बाटल्यांची टोपली. मी काय खाटेवर पडले आहे? आल्याबरोबर जिआबला म्हणाला, “मी असल्या ठिकाणी येत नाही, आज पहिल्यांदाच.” मग बर्फवाल्याला म्हणाला, “मी असल्या ठिकाणी येत नाही.” बर्फवाल्याला काय करायचंय? तो म्हणाला, “मी रोज येतो, बाजूला सरका.” तुझा हा होणारा नवरा आपली भाषा अशी बोलतो की बातम्या लागल्यासारखं वाटतं. पोरी तोंडावर हात ठेवून आत पळाल्या.

मग झाली खरी गंमत. तो माझ्यासमोर उभा राहिला, आणि उभाच राहिला. मी नमस्कार करायची वाट बघत होता! त्याचं वय अठ्ठावन्न, माझं सत्तेचाळीस, लहानाने आधी हात जोडायचे, असं तो कुठल्यातरी पुस्तकात शिकला असणार. अकरा वर्षं खोन केनमध्ये राहतो, आंबवलेले मासे खातो, मिरच्या किती खाल्ल्या ते मोजून सांगतो, पण बायकोची मोठी बहीण वयाने लहान असली तरी मोठीच, हे त्याला कुणी शिकवलं नाही. मीही हात जोडले नाहीत. दोघं खांबासारखी उभी. जिआब आतून कुजबुजली, “ताई, याचे हात चिकटलेत का?” शेवटी त्याने रुमालाने खुर्ची पुसली आणि बसला. तेवढ्यात बर्नार्ड आला. “किती वर्षं?” “अकरा.” “चौदा,” असं म्हणून बर्नार्ड समाधानाने पंख्याखाली गेला.

पुढचं ऐक. तो म्हणाला, लग्नाला त्याच्या शाळेचे मोठे लोक येणार, त्यांच्या बायका येणार, इतर फिरंगी शिक्षक येणार. त्यांतले काही पटायाला येऊन-जाऊन असतात, एखादा ओळखेल. फाईच्या नोकरीवर बोलणं येईल. म्हणून मी आठवड्याने यावं, आपण चौघं-पाचजण शांतपणे जेवू. आणि आई नसल्यामुळे बाइसीला, मनगटाला दोरे बांधायच्या विधीला, आईच्या जागेवर मावशी बसेल, पहिला दोरा तीच बांधेल. फाई, हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोंगसाई मावशी तुझ्या मनगटाला दोरा बांधणार? तुझा जीव ठिकाणावर राहू दे म्हणून ती हाक मारणार? तुला डेंग्यू झाला तेव्हा जी दारातून परत गेली, ती?

मी त्याला सोडला नाही. म्हटलं, जावईबापू, तुमच्या शाळेतल्या ज्या साहेबांना पटाया ओळखतो, ते इथे देवदर्शनाला येतात काय? त्यांना लग्नात बसवायला तुम्हाला लाज वाटत नाही आणि त्यांना बाटली उघडून देणारी मात्र नको? तुम्ही स्वतः सोवळे, मग इथे पाय ठेवल्याबरोबर न विचारता सगळ्यांना साक्षी का देत सुटलात? तो ओस्मो परवडला, त्याला निदान आपण कुठे बसलोय हे माहीत होतं. तुम्ही अकरा वर्षं या देशाच्या उंबरठ्यावर उभे राहून नाकाने कांदे सोलताय. आणखीही बरंच बोलले. बर्नार्डने आपली बाटली उचलून बाहेरची खुर्ची धरली, यावरून काय ते समज.

कॉलिनचा चेहरा ओस्मोसारखा लाल झाला. बातम्यांची भाषा गेली आणि तोंडातून साधी, चुकत-माकत आपली बोली बाहेर आली. म्हणाला, “मला काय फरक पडतो हो? मीच तिला म्हटलं, ताईंना येऊ दे. माझ्या मित्रांना उलट आवडलं असतं, तुमच्यासारखी बाई, एवढी कहाणी, हाच तर खरा थायलंड. तिलाच नकोय. रात्रभर रडली. मला म्हणाली, तू जाऊन सांग, तुझ्यावर रागावली तर रागावू दे, माझ्यावर रागवायला नको.” बोलून गेला आणि मग तोंडावर हात ठेवला.

मी त्याला गार पाणी दिलं. दुसरं काय देणार? तोही मला मित्रांना दाखवायची वस्तू समजतो, हे वेगळंच, त्याबद्दल त्याला कधीतरी चांगला झोडीन. पण तुझ्या वाटणीच्या शिव्या त्याने आधी स्वतःच्या अंगावर घेतल्या. तेवढ्यापुरता तो मला माणूस वाटला. जाताना एवढंच म्हणाला, “मी सांगितलं हे तिला सांगू नका.” मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

दोन दिवस मी तुझ्यावर चिडले. मग आठवलं, की हे खोटं काही तू एकटीने शिवलेलं नाही. गावात “हॉटेलात आहे” असं पहिल्यांदा मीच सांगितलं. तू वसतिगृहात होतीस तेव्हा तुझ्या खोलीतल्या त्या चष्म्याच्या मुलीला तू सांगितलं होतंस, की माझ्या ताईचं नूडल्सचं दुकान आहे. मी भेटायला आले तर ती मला विचारायला लागली, रश्शाला अशी चव कशी येते. आणि मी, जिने आयुष्यात एक वाटी नूडल्स विकली नाही, तिला मांडी घालून सांगत बसले, हाडं किती वेळ उकळायची, मुळा कधी टाकायचा. तू शेजारी मान खाली घालून बसली होतीस. बसमध्ये बसल्यावर मला वाटलं होतं, किती छान निभावलं. आता वाटतं, त्याच दिवशी मी तुला शिकवलं की मला लपवलेलं चालतं.

तुला लाज वाटते, हे मला कळतं. मलाही वाटायची. पण मी पर्यटकांना हसते, राहणाऱ्यांना हसते, बँकॉकवाल्यांना हसते, ते सगळे मला काय समजतात याने माझं जेवण कधी कमी झालं नाही. ते माझे कुणी नव्हते. तू आहेस. तू त्या चष्म्याच्या मुलीला सांगितलंस ते लेकराचं घाबरणं होतं. आता तू एकतीस वर्षांची आहेस, आणि मला दूर ठेवायला एका फिरंग्याला दोन बस बदलून पाठवतेस. याचा मला राग आहे. खूप राग आहे.

म्हणून हे पत्र, फाई. भिक्षूंचा वर्षावास लागायच्या आधीचा जो शनिवार तुम्ही धरलाय, त्याच्या आदल्या रात्रीच्या बसचं तिकीट मी काढलंय. नेसायला जांभळा रेशमी पासिन इस्त्री करून ठेवलाय. मी येईन, आईच्या जागेवर बसेन आणि तुझ्या मनगटाला पहिला दोरा बांधेन, मग पाहुण्यांत कोण कुणाला ओळखतं ते ओळखू दे. हे तुला नको असेल तर तू ये आणि तुझ्या तोंडाने सांग. कॉलिनला पाठवू नकोस, मावशीला पाठवू नकोस. माझ्यासमोर बस आणि म्हण, ताई, तू येऊ नकोस. एवढं तुला म्हणता आलं तर मी भांडणार नाही, तिकीट फाडून टाकेन. तू सांगितलेलं मी कधी मोडलं नाही, आणि याचीच मला भीती वाटते आहे.

तुझीच,
ताई