सहा भाषांत ‘झोपू नका’

तीर्थरूप सासरेबुवांच्या सेवेशी,

जावई अतिलियोचा नमस्कार. (बसल्या बसल्या केलेला आहे, राग नसावा. पालथ्या बादलीवर बसून लिहितोय, आणि मी उठलो रे उठलो की सासूबाई बादली पळवतात.) तुमचा गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी घालतात ना, की त्याही एकटेपणाला कंटाळल्या? भरतीचं पाणी हल्ली चुलीपर्यंत येतं, असं होडीवाला सांगत होता. तुम्ही त्याला म्हणालात म्हणे, समुद्र काय, पाहुणा आहे, आला तसा जाईल. सासरेबुवा, चुलीपर्यंत येऊन बसतो त्याला पाहुणा म्हणत नाहीत, जावई म्हणतात. हे मी स्वतःवरून सांगतो.

अख्खं गाव आता किनाऱ्यावरच्या डोंगरात, नव्या वस्तीत आलंय. बेटावर राहिलात तुम्ही एकटे. येत्या रविवारी होडी शेवटची फेरी मारणार, आणि तुम्ही तिच्यात बसणार की नाही, याशिवाय आपल्या घरात दुसरा विषय नाही. ब्रिसेदाने (म्हणजे तुमची लेक आणि माझी मालकीण) फर्मावलंय की बाबांना असं पत्र लिही, की वाचून ते उठलेच पाहिजेत. आता माझं तुम्ही आजवर कधी ऐकलंय? तेव्हा मन वळवायच्या भानगडीत मी पडत नाही. पनामा शहरात काय पाहिलं, तेवढंच लिहितो.

आपले मुखिया इनादोय यांना जगाच्या तापाबद्दलच्या मोठ्या सभेचं बोलावणं आलं, आणि सोबत मला धाडलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझी लायकी म्हणाल तर एकच. सभाघरात मुखिया गायला बसले की मधूनमधून ‘झोपू नका!’ म्हणून आरोळी ठोकायची. एवढी वर्षं हे काम मी इमानाने केलं (तुम्हाला उद्देशून सगळ्यात जास्त वेळा), पण त्यापायी जगाच्या सभेत जाऊन बसेन असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सभागृह केवढं म्हणून सांगू! आपलं बेट, तुमच्या कोंबड्यांसकट, त्यात सहज मावलं असतं. आत थंडी अशी, की जग तापलंय यावर बोलायला आलेली माणसं कोट घालून कुडकुडत होती. तुम्ही रोज संध्याकाळी ज्या देशांना नाव घेऊन शिव्या घालता, ते सगळे पाट्या लावून ओळीने बसलेले. मी दबकतच बघत होतो. इतक्या ताकदीची माणसं एका छपराखाली मी जन्मात पाहिली नव्हती. जवळून बघितलं तर एकाला सर्दी झाली होती, एकजण बायकोचा फोन टाळत होता आणि एकीचा बूट चावत होता. तरी यांनी मान हलवली तर आपलं गाव हलतं, हे काही केल्या डोक्यात मावेना.

मग एका शास्त्रज्ञ बाईंनी भिंतीएवढ्या पडद्यावर पृथ्वी दाखवली, आकाशातून दिसते तशी. सासरेबुवा, काय देखणं प्रकरण आहे हो हे! निळंशार, वर ढगांची साय. मला तर रडूच आलं (थंडीने, असं मी मुखियांना सांगितलं). बाईंनी ती जवळ जवळ आणली. आपला किनारा आला, बेटं आली, आणि आपलं बेट दिसलं, नखाएवढं. या नखावर या घटकेला म्हातारा एकटा बसला असेल, असं मनात आलं. चूल पेटवणारे वाऱ्याच्या बाजूला बसतात आणि धूर आमच्या डोळ्यांत, हे तुमचं बोलणं मी शेजारच्या माणसाला ऐकवलं. तो कुठल्या तरी दुसऱ्याच समुद्रातल्या बेटाचा. म्हणाला, ‘आमच्याकडेही एक म्हातारा अगदी हेच म्हणतो, आणि तोही हलत नाही.’ बाईंनी हेही सांगितलं, की बेट रुंद करायला आपणच प्रवाळ उपटून भर घातली, म्हणजे लाटा अडवणारा बांधच आपल्या हाताने मोडला. (त्या कामात सगळ्यांच्या पुढे कोण होतं, हे मी सभेत उघड केलं नाही. घरची गोष्ट घरात.)

आता मुख्य प्रकार. मुखियांना बोलायला तीन मिनिटं होती. बोलतात कुठले! मुखिया म्हटल्यावर ते गाणार, आणि गाणार म्हणजे धरतीच्या जन्मापासून. तीन मिनिटं झाली तेव्हा पहिलं झाड उगवत होतं. मी समोर पाहतो तो काय, ओळीच्या ओळी डुलतायत. एका थंड देशाचे जाडजूड प्रतिनिधी तर चक्क घोरत होते. माझा काही दोष नाही, सासरेबुवा, सवयीला कोण काय करणार? मी उभा राहिलो आणि आपल्या सभाघरात ठोकतो तशी सणसणीत आरोळी ठोकली. पहारेकरी धावले. पण खरी गंमत पुढेच. तिथे काचेच्या खोपट्यांत दुभाषे बसतात आणि ऐकलेलं सगळं लोकांच्या कानात ओततात. बिचारे प्रामाणिक. त्यांनी माझी आरोळीही ओतली, सभेच्या सहाच्या सहा भाषांत. प्रत्येक देशाला त्याला कळणाऱ्या भाषेत, अगदी कानाशी, ‘झोपू नका’ असं ऐकू आलं. सगळी सभा ताठ बसली.

अध्यक्षबाईंना वाटलं, हाही गाण्याचाच भाग. त्यांनी पहारेकऱ्यांना मागे सारलं आणि मुखियांना म्हणाल्या, ‘चालू द्या.’ आणि मुखिया गायले हो! झाडं, नद्या, मासे, आपले वाडवडील, सगळं आलं. शेवटी नुसतं सांगितलं की बेट सोडून आम्ही डोंगरावर गेलो. मग एकाने विचारलं, ‘तुम्हाला आमच्याकडून काय हवं?’ मुखिया म्हणाले, ‘मी एकटा कसं सांगू? घरोघरचं मत घ्यावं लागेल.’ यावर सगळे देश खूश झाले, कारण त्यांनाही घरी विचारूनच सांगायचं होतं. तेवढ्यावर जेवणाची सुट्टी झाली.

जेवताना ते घोरणारे गृहस्थ माझ्याकडे आले, दुभाष्याला घेऊन. मला वाटलं, आता खरडपट्टी. तर ते विचारतात, ‘तुमच्यातलं यायला तयार नाही असं कोणी आहे का?’ मी तुमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, ‘माझ्या वडिलांचं घर नदीकाठी आहे. पाणी जिन्यापर्यंत आलं, तरी ते उठत नाहीत.’ मी थक्क झालो. एवढ्या श्रीमंत देशातही तुमच्यासारखे आहेत तर! फरक एवढाच की त्यांच्या वडिलांना सरकारने दुसरं घर, त्याचं भाडं आणि समजूत काढायला एक पगारी माणूस दिलाय. तुमच्या वाट्याला मी आलोय, तोही फुकट.

थोरांना नमस्कार लिहायचा रिवाज आहे, पण तिकडे तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही, तेव्हा सगळ्यांच्या वाटचे तुम्हीच घ्या.

आपला आज्ञाधारक,
अतिलियो

ता.क. रविवारी होडीत बसा. (हे ब्रिसेदाने समोर उभं राहून लिहून घेतलं.)

ता.क. २. ती नदीवर गेली, आता खरं लिहितो. इथे दुपारी पत्रे तापून डोकं उठतं. वारा नाही. सगळी घरं सारखी, त्यामुळे परवा मी दुसऱ्याच्याच घरात शिरून केळी घातलेलं माशाचं कालवण निम्मं संपवलं. समुद्र ऐकू येत नाही. तुम्ही हट्टाने तिथे राहिलात, तर मी तुम्हाला वेडा म्हणणार नाही.

ता.क. ३. नव्या घरात निजायचा पहिला झुला घरधन्याचा टांगायचा, असं सासूबाईंचं म्हणणं आहे. तुमचा टांगलेला नाही म्हणून त्यांनी स्वतःचाही टांगलेला नाही. आल्या दिवसापासून त्या ओल्या जमिनीवर निजतात, आणि सकाळी त्यांना उठवायला दोघं लागतात. हे तुम्हाला कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावून ठेवलंय.