कल्याणातली प्रॅक्टिस

७ जून १८८६, नौपाडा
मेडिकल कॉलेजात नाव लागलं नाही. दोष परीक्षकाचा. माझं अक्षर त्याला झेपलं नसणार. मुलगा डॉक्टर होणार, असं भाऊंनी नौपाडाभर सांगितलं होतं. आज पानावरून अर्ध्यात उठले.
निश्चय : पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा. पहाटे चारला उठून अभ्यास.

८ जून
नवाला उठलो. डास फार. ठाण्यात अभ्यास अशक्य. सासुरवाडी कल्याणला, तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली राहावं. आधी प्रॅक्टिस, कॉलेज मागाहून. वासंती सध्या माहेरीच आहे, पण ते कारण नव्हे.

११ जून, कल्याण
सासरे महिपतराव तांदळाचे व्यापारी. पोचताच विचारलं, "जावईबापू, कॉलेज कधीपासून?"
म्हटलं, "जरा अवकाश आहे." यात खोटं काहीच नाही. सासूबाईंनी आळीभर पेढे वाटले. थांबवणार होतो, तोंडात पेढा होता.
वासंतीनं घेतला नाही.

१४ जून
दवाखाना. मिठागरातल्या राघोच्या पायाचं गळू कापायचं होतं. पाय मी धरला. जागा झालो तो बाकावर. राघो वारा घालत होता आणि ओरडत होता, "डागदर, आधी याला बघा!" कारण उघड आहे : उपाशी पोट.
डॉक्टर म्हणाले, उद्यापासून येऊ नका. माझ्या प्रकृतीची काळजी असावी.

१७ जून
सासऱ्यांच्या पाठीवर गळू. दवाखान्यात जाईनात. "घरचा डॉक्टर असताना?" उद्या सकाळी मीच कापणार. भरपूर जेवलो.

१८ जून
उपाशी पोट हे कारण नव्हतं असं दिसतं.
शुद्धीवर आलो तेव्हा दवाखान्याचे डॉक्टर सासऱ्यांची पाठ बांधत होते. त्यांनी सगळं सांगून टाकलेलं, कॉलेजात नाव लागलं नाही हेसुद्धा; ते मीच त्यांना विश्वासानं सांगितलं होतं. सासूबाई पेढ्यांविषयी बोलत होत्या.
वासंती म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं. तुम्ही मान वर केली नाहीत."
मग बोलली का नाहीस?
"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."
डोकं दुखत होतं.

२० जून
सासरे म्हणाले, "वखारीत बसा. पोत्यांना टाके घाला. पोती ओरडत नाहीत." हा अपमान नव्हे, सराव आहे. सर्जनचा हात टाक्यांवरच बसतो. वासंतीलाही हे समजावलं. ती हसली; पटलं असावं.

२१ जून
पहिली तीन पोती सुबक. चौथ्याला दाभण अंगठ्यात गेलं.
पुढची हकिकत वासंतीकडून कळली.