रोह्याच्या मानकऱ्याची परवानगी

मु. खारसोंडे, ता. पेण
रविवार, दि. २ फेब्रुवारी २०२५

प्रिय गुणाजीस,

गोविंदाचा नमस्कार. वहिनी आणि मुलं खुशाल असतील, तुझा रक्तदाब आटोक्यात असेल असं धरून चालतो. इकडे बहिरीदेवाच्या कृपेने सगळं ठीक आहे. अनिताचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ कुरकुरत नाही, त्यामुळे घर चालू आहे. वालाला यंदा शेंग बरी धरली. भाताचं काय झालं ते विचारू नकोस, बांध फुटून खारं पाणी आत आलं होतं.

अक्षर ओळखून पत्र बाजूला ठेवू नकोस. तुझा फोन नंबर मी मिळवला होता. पण फोनवर तू "कोण?" म्हणाला असतास, तर पुढे काय बोलावं ते मला सुचलं नसतं. पत्राला मध्येच कुणी कोण म्हणून विचारत नाही.

आधी तातडीचं सांगतो. येत्या गुरुवारी सकाळी तुझ्या दारात विद्यापीठाची पांढरी गाडी येईल. गाडीत कुलसचिव, एक नारळ आणि एक शाल असेल. घाबरू नकोस. तू रोह्यातला कुणी थोर मानकरी आहेस असा त्यांचा समज झाला आहे. तो कसा झाला ते सांगायला हे पत्र आहे. शक्य झालं तर त्या दिवशी पहिली शिफ्ट घेऊ नकोस.

मी त्या विद्यापीठात मैदानावर आहे हे तुला कुणाकडून कळलं असेल. पेण-रोहा रस्त्याला, डोंगराच्या अंगाला आहे ते. रोलर फिरवतो, चुन्याच्या रेषा मारतो, पोरींच्या कबड्डीचं मैदान ओलं करतो. काम मनासारखं आहे. रेषा मारताना माणसाला विचार करायला वेळ मिळतो.

आमच्या संघांचं नाव होतं रॉयल टायगर्स. डिसेंबरात आमच्या पोरी बाहेरगावी स्पर्धेला गेल्या, तर तिथे आठ संघांपैकी तीन टायगर निघाले. लाउडस्पीकरवर "टायगर्सची खेळाडू बाद" म्हटलं की तिन्ही संघांचे चेहरे पडायचे. शेवटच्या दिवशी "टायगर्सनी जेवण घेऊन जावं" असं पुकारलं, तेव्हा दुसऱ्याच टायगरांनी आमचे डबे नेले. आमच्या पोरी केळी खाऊन उपांत्य सामना खेळल्या आणि हरल्या. परत आल्यावर समीक्षा, म्हणजे आमची कप्तान, गागोद्याची पोर, सरळ कुलसचिवांच्या खोलीत शिरली आणि म्हणाली की नाव बदला, नाहीतर डबा घरून आणू द्या.

डब्यापेक्षा नाव बदलणं सोपं, म्हणून समिती नेमली.

समितीत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी हवा असा नियम निघाला. यादी करत होते त्या वेळी खिडकीबाहेर माझा रोलर वाजत होता. कुलसचिव हैबतराव म्हणाले, हा आवाज बंद करायचा असेल तर ह्यालाच आत घ्या. असा मी सदस्य झालो.

हैबतराव रोह्याचे. पेणचं काही आलं की त्यांना ठसका लागतो. कुणी पेणच्या गणपतींवरून नाव सुचवलं, तर ते म्हणाले, देवाचं नाव दिलं आणि हरलो तर वर्तमानपत्रात काय छापून येईल त्याचा विचार करा. ते पटलं. कुणी पोह्यांचं नाव काढलं, त्याकडे सगळ्यांनीच दुर्लक्ष केलं. विद्यार्थ्यांसाठी पेटी ठेवली होती. तीत चारशे चिठ्ठ्या आल्या, त्यातल्या दीडशे चिठ्ठ्यांवर कॅन्टीन सुधारा एवढंच होतं. मुंबईहून आदेश नावाचा एक सल्लागार आणला होता, दाढी कोरलेला, सभ्य मुलगा. त्याने पडद्यावर बाण आणि वर्तुळं दाखवून कोस्टल थंडर हे नाव मांडलं. हैबतरावांनी विचारलं, कोस्ट म्हणजे किनारा ना, मग आमच्या रोह्यात तो कुठून आणणार. आदेश म्हणाला, सर, ती एक भावना आहे.

शेवटी रीत म्हणून मलाही विचारलं. मी उभा राहिलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खंड्या."

गुणाजी, मी ठरवून नाही बोललो. पण बोललो खरा, मग समजावून सांगणं आलं. खाडीच्या बांधाला पाण्याचं दार असतं ना, त्या उघाडीवरच्या तारेवर हा पक्षी बसतो, मी म्हटलं. गडबड नाही, आवाज नाही. पाण्याकडे बघत राहतो. मग एकदम सूर मारतो आणि मासा घेऊन त्याच जागी परत. कबड्डीतल्या चढाईला ह्याहून चांगला गुरू नाही. समीक्षा बाकावर हात आपटून म्हणाली, "काका, ह्योच." आदेशने त्याचं इंग्रजी नाव उच्चारून पाहिलं, तर हैबतराव दचकले. ते नको, ते बिअरच्या बाटलीवर असतं, पालक काय म्हणतील, मराठीच बरं.

मत घेतलं, तर पाच खंड्याला आणि पाच थंडरला. तीन बैठका झाल्या, मतं हलेनात. खंड्या हे नाव गावात एका माणसाला पडलं होतं आणि त्या माणसाच्या चढाया बघायला वडखळपासून लोक यायचे, हे मी तिन्ही बैठकांत बोललो नाही.

मग हैबतरावांना कुणीतरी सांगितलं की गोविंदा गुरवाच्या घरचा आहे आणि खारसोंड्याच्या बहिरीचा कौल खरा लागतो. त्यांचा चेहरा उजळला. कुलगुरू विज्ञानाचे आहेत. मला वाटलं ते तरी हसून टाळतील. ते म्हणाले, स्थानिक परंपरेचा आदर राखायला हरकत नाही.

तुला कौल काय ते सांगायला नको. त्यांना मी सांगितलं ते असं, की देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आदेशने विचारलं, साधारण किती मिनिटं लागतात. मी म्हटलं, त्याची घाई त्याला.

परवाच्या शुक्रवारी सगळे आले. तीन गाड्या. कुलगुरूंनी बूट काढले, मोज्याला भोक होतं, ते त्यांनी पायावर पाय ठेवून झाकलं. पाकळ्या तयार, तांब्या तयार. आमच्या देवळात कौल लावतो तो माझा चुलतभाऊ जगन, हे गावाला माहीत आहे. त्या दिवशी जगन सासुरवाडीला गेलेला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाकळी बोटांत धरली आणि गुणाजी, हात वर जाईना.

समीक्षाने विचारलं, "काका, गुरव तुम्हीच ना? मग?"

काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, आधी रोह्याच्या एका माणसाला विचारावं लागेल, त्याच्याशिवाय मला कौल लावता येणार नाही. हे खरंच होतं. पण हैबतरावांनी त्यातलं रोहा तेवढं उचललं. गाडीत बसताना ते कुलगुरूंना सांगत होते की ह्या देवाचा मूळ मान रोह्याकडेच असणार, मला आधीपासून शंका होती. काल परिपत्रक निघालं आहे. "रोहा येथील मानकऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत नावाबाबतचा निर्णय स्थगित." ते मानकरी म्हणजे तू.

एवढं लिहून मी दोनदा उठलो. गाईला पेंढा घातला. अनिता म्हणाली, पत्र लिहिता आहात की बाळंतपण चाललंय.

तर आता लिहितो. नव्व्याण्णव साली वडखळच्या स्पर्धेआधी कप्तान तू की मी ह्यावरून संघात एकमत होईना. तूच म्हणालास, देव म्हणेल तसं. बाबा तापाने पडले होते, म्हणून कौल मी लावला. माझ्याच नावाचा. मी डावी पाकळी चांगली भिजवून अंगठ्याने चेपली आणि उजवी जवळजवळ कोरडीच ठेवली. हात काढेपर्यंत ती पडली. तू देवाच्या पायावर डोकं ठेवलंस आणि देवाचा हार माझ्या गळ्यात घातलास.

मला फक्त कप्तान व्हायचं होतं. पण गावात बोललं जायला लागलं की देवानेच गुणाजीला नाकारला, त्याचं काहीतरी असणार. धोंडुबाई काकूंनी, तुझ्या आईने, देवळात यायचं सोडलं. तू पावसाआधीच रोह्याला कंपनीत लागलास. मी एका शब्दाने ते सगळं थांबवू शकलो असतो. पंचवीस वर्षं मी रोज त्या देवाची पूजा करतो, पण कौलाला हात लावलेला नाही. लोकांना वाटतं, गोविंदा विनम्र आहे.

काकूंच्या दहाव्याला तू आलास तेव्हा देवळाच्या पायरीपर्यंत येऊन परत फिरलास. मी आत घंटेच्या खाली उभा होतो. मला तू दिसत होतास.

गुरुवारी ते येतील. तू नाही म्हणालास तर खंड्या नाव मी मागे घेईन, कारण ते तुझं आहे. त्यांना खरं सांगितलंस तरी माझी ना नाही. सांगण्याआधी तुला माझ्याकडून कळावं एवढ्यासाठी लिहिलं.

वहिनींना नमस्कार सांग, जर माझं नाव घरात घेत असशील तर.

तुझा अपराधी
गोविंदा


मु. खारसोंडे
मंगळवार, दि. ११ फेब्रुवारी २०२५

गुणाजी,

तू सुखरूप पोचलास हे तुझ्या मुलाकडून, प्रवीणकडून कळलं. शेंगांची पिशवी एसटीत विसरला नसशील अशी आशा आहे.

तू गुरुवारी शाल पांघरून हैबतरावांना जे सांगितलंस ते त्यांनी मला जसंच्या तसं ऐकवलं, की नाव वापरा, पण कौल गोविंदानेच लावायचा आणि मी समोर उभा राहणार. ते म्हणाले, केवढा अधिकार आहे हो त्या माणसाच्या बोलण्यात. मी त्या रात्री जेवलो नाही. रविवारी तू कसा उभा राहशील, हेच डोळ्यांसमोर येत होतं.

तू उभा राहिलास गाभाऱ्याच्या उंबऱ्याला लागून, माझ्या बोटांपासून हातभर अंतरावर. मी दोन्ही पाकळ्या एकाच तांब्यात बुडवल्या, ते तू पाहिलंस. अंगठा लावलाच नाही, दोन बोटांनी ठेवल्या, तेही पाहिलंस. खंड्या हे नाव द्यावं काय, असं गाऱ्हाणं घातलं. मग चाळीस मिनिटं काहीच होईना. कुलगुरू खांबाला टेकले, आदेशच्या फोनची बॅटरी संपली, हैबतरावांना डुलकी लागली. आणि डावी पडली.

समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात तू हसायला लागलास. सभामंडप घुमला. गुणाजी, ते हसणं मी विसरून गेलो होतो. आणि तू सगळ्यांदेखत म्हणालास, "गोविंदा, आजचा मात्र देवाचाच हाय." कुलगुरूंनी मान डोलावली. त्यांना काय कळलं देव जाणे.

आता आमचे संघ कोस्टल थंडर झाले. सोमवारी सकाळी टी-शर्ट वाटले. म्हणजे आदेशने ते आठवडाभर आधीच छापून ठेवले होते. त्याचा बहिरीवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास दिसतो. समीक्षाने टी-शर्ट घातला, पण माझ्याशी अजून बोलत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सगळ्या गाड्या गेल्यावर तू म्हणालास, जुनाही लावून टाक एकदा, कप्तान गुणाजी असं विचार. मी लावला. पाकळ्या पडायची वाट न बघता तू म्हणालास, चल, पाचची गाडी चुकेल. आपण वडखळ फाट्यापर्यंत चालत काय बोललो ते आता आठवत नाही, पण बरंच बोललो. तुला गाडीत बसवून मी परत आलो तेव्हा जवळजवळ पळतच आलो.

देवाच्या अंगावर एकही पाकळी नव्हती. अनिताने दिवाबत्तीआधी गाभारा झाडून घेतला होता. मी विचारलं, आधी कुठली पडली. ती म्हणाली, मला काय ठाऊक, दोन्ही खाली होत्या, भरल्या सुपलीत. दोन दिवस मी तिच्याशी भांडतो आहे. ती म्हणते, गुरवाच्या घरात राहून बाईने केर काढू नये काय.

पुन्हा लावता येईल. पण मग वाटलं, ह्या एका गोष्टीसाठी देवाला पुन्हा का ताटकळत ठेवायचं. ती गोष्ट मला नव्व्याण्णव सालीही माहीत होती. माहीत होती म्हणूनच तर अंगठा लावला.

तेव्हा ह्याला कौल समजू नकोस. हे माझं माणसाचं सांगणं आहे. कप्तान तू होतास.

तुझ्या संघातला एक गडी,
गोविंदा