पाचव्या मजल्याची गच्ची आणि तळमजल्याची सही

लिहून ठेवणार मी, हुआंग सू-चू, वय वर्षे शहात्तर, पूर्वीचा धंदा कपडे दुरुस्तीचा, राहणार तैपे शहर, वानहुआ भाग, कापडबाजारामागची गल्ली, पाचवा मजला (आमच्याकडे तळमजला हाच पहिला धरतात). माझे डोके ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाहीत ते गुडघे. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव टाकायला माणसाला आधी चार जिने चढून वर यावे लागते, आणि तेवढी हौस कोणाला राहिलेली नाही.

कलम पहिले. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी यी-वेन हिला. यी-वेन लिनकोउला नव्या उंच इमारतीत राहते आणि दर रविवारी फोनवर तेच तेच ऐकवते, "आई, किती दिवस त्या घुशीच्या बिळात राहणार आहेस? इथे लिफ्ट आहे, कचऱ्याची वेगळी खोली आहे, केव्हाही जाऊन टाक." आठवडाभर राहून आले मी. कचरा टाकायला गेले तर त्या खोलीत चिटपाखरू नव्हते. आमच्याकडे संध्याकाळी कचऱ्याची गाडी पियानोची धून वाजवत येते. पिशवी जमिनीवर ठेवायची नाही असा नियम, म्हणून अख्खी गल्ली पिशव्या हातात धरून गाडीची वाट बघत उभी असते. कोणाची सून रुसून गेली, कोण दवाखान्यातून परत आले, सगळे तिथेच कळते. ते सोडून मी लिनकोउला जाऊन भिंतीशी बोलू? पण उन्हाळ्यापासून मला जिना उतरवतच नाही. माझी पिशवी चौथ्या मजल्यावरचे त्सेंग नेतात. त्यामुळे यी-वेनने सांगून टाकले आहे की आमच्या इमारतीला लिफ्ट बसवायचे नक्की झाले नाही, तर नव्या वर्षाचे जेवण झाले की तुला उचलून नेणार. माझे सामान हलवल्यासारखे बोलते.

कलम दुसरे. शिलाई मशीन आणि दोन्ही कात्र्या कोपऱ्यावरच्या सोयाबीनच्या दुधाच्या दुकानातल्या अ-श्याला. ती मला अंड्याच्या पोळीची तव्याला लागलेली कुरकुरीत कड न मागता देत असे. सकाळी ती कड आणि गरम दूध मिळाले की पुढे दिवसभर कोणी काही बोलले तरी मी ऐकून घ्यायची. आता खाली उतरणेच नाही, म्हणजे तेही गेले. अ-श्या, मोठी कात्री मासे साफ करायला वापरलीस तर भूत होऊन तुझ्या दुकानात येऊन बसेन.

कलम तिसरे. समोरच्या इमारतीतले ते गृहस्थ, ज्यांच्या एसीचे पाणी तीन उन्हाळे माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकते; दुसऱ्या मजल्यावरची माजोंग खेळणारी मंडळी, जी सोंगट्या टेबलावर नव्हे, माझ्या कपाळावर आपटतात; आणि जिन्याच्या तोंडाशी स्कूटर आडवी लावणारा जो कोणी असेल तो. यांना काहीही मिळणार नाही. विसरले असे वाटू नये, म्हणून नोंद केली.

कलम चौथे. तळमजल्याचे मालक ग्वो चिन-फा. इमारतीला बाहेरून लिफ्ट बसवायची तर सगळ्या मजल्यांच्या मालकांच्या सह्या लागतात. चौघांच्या झाल्या. ग्वोची होत नाही. वॉर्डप्रमुख याओबाई तीनदा त्याच्या दारात जाऊन आल्या. मी स्वतः, तेव्हा उतरता येत होते, कचऱ्याच्या गाडीपाशी त्याला गाठले.

"ग्वो, सही कर की रे. तुझे काय जाते?"

"ताई, मी तळमजल्यावर राहतो. लिफ्ट घेऊन काय जमिनीखाली जाऊ?"

"आम्हा वरच्यांचा विचार कर जरा."

"वरच्यांनी माझा केला? लिफ्टचा खांब माझ्या खिडकीसमोर येणार. आधीच दिवसा दिवा लावून बसतो आम्ही."

आणि हाच माणूस सरकारी रस्त्यावर फुलांच्या कुंड्या मांडून स्वतःच्या गाडीची जागा अडवणार, आणि अंधाराची तक्रार आमच्याकडे. माझा असा संताप झाला की पिशवी त्याच्या अंगावर फेकावी. फेकली नाही, कारण पिशव्या महापालिकेच्या, विकत घ्याव्या लागतात. सबब, ग्वो चिन-फा याला माझ्याकडून काडीही मिळू नये.

कलम पाचवे. ग्वोची बायको पाओ-छिन. अर्धांगवाताच्या झटक्यानंतर ती चाकाच्या खुर्चीत, त्याच अंधाऱ्या पुढच्या खोलीत असते. समोर बघायला रस्त्यावरच्या स्कूटरी. पूर्वी थंडीतले ऊन पडले की ती रजया घेऊन माझ्या गच्चीवर यायची. आम्ही दोघी रजया कठड्यावर टाकायचो, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचो आणि नवऱ्यांना नावे ठेवायचो. माझा गेला, तिचा आहे. इमारतीच्या लेखी ठरावाप्रमाणे गच्चीचा वापर पाचव्या मजल्याकडे आहे. गच्चीचा दक्षिणेकडचा, दिवसभर उन्हाचा अर्धा भाग पाओ-छिनने हयातभर वापरावा. हे माझ्या मरणाची वाट न बघता आजपासून लागू. नियोजित लिफ्ट गच्चीपर्यंत जाते. पाओ-छिन वर कशी यायची, हे तिच्या नवऱ्याने बघावे.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. माझी चूक झाली ती लिहिते. साक्षीला त्सेंग आणि याओबाई होतेच; पण ग्वोने हे सगळे स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे या खुनशीपणाने मी त्यालाही वर बोलावले आणि तिसऱ्या साक्षीदाराची जागा आखून ठेवली. तो धापा टाकत आला. कलम चौथे वाचून म्हणाला, "छान, ताई, छान लिहिलंय." पाचवे त्याने दोनदा वाचले आणि पेन उचलले. याओबाईंनी त्याचा हात धरला. "थांबा. ज्याच्या बायकोला काही मिळतंय त्याला साक्षीदार होता येत नाही. सही केलीत की पाओ-छिनची गच्ची गेली."

त्याने पेन खाली ठेवले. दाराबाहेर, गच्चीच्या जिन्याकडे बघितले.

"ती रोज विचारते," तो म्हणाला, "वर ऊन पडलंय का म्हणून."

"मग तू काय सांगतोस?"

"ढग आलेत म्हणून सांगतो."

मला इतके वाईट वाटले की त्याच्यासाठी मुद्दाम जपून ठेवलेले शब्द बाजूला सारून मी त्याच्यापुढे पेला ठेवला. त्सेंगांनी चहा ओतला. चहा निम्मा झाल्यावर ग्वो याओबाईंना म्हणाला, "तो लिफ्टचा कागद आणलाय का?" त्या बाईंच्या पर्समध्ये तो वर्षभर आहेच.

लिफ्ट व्हायला दोन वर्षे लागतील असे याओबाई म्हणतात. तोपर्यंत माझे मरण तहकूब समजावे. यी-वेन, माझ्यासाठी रिकामी केलेल्या खोलीत तुझे इस्त्रीचे कपडे ठेव.

सही: हुआंग सू-चू
साक्षीदार: १. त्सेंग युंग-फू, चौथा मजला २. याओ ली-श्या, वॉर्डप्रमुख
(तिसरी जागा खोडली आहे. खाडाखोड माझीच. हु. सू.)
ठिकाण: वानहुआ, तैपे
दिनांक: प्रजासत्ताक वर्ष ११३ (इ.स. २०२४), बारावा महिना, तारीख ८