कुकच्या बायकोची सुटी

अमरावती, ता. ३ एप्रिल १९३५

ती. स्व. वामनकाकांचे चरणी सिंधूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

शाळेत मोठी धमाल आहे. मोठ्या बाईंचे फर्मान निघाले की, प्रत्येकीने जग धुंडाळणाऱ्यांपैकी आपला आवडता निवडून त्यावर बोलायचे. जिचे भाषण सरस, तिच्या माणसाच्या नावाने शाळेला एक दिवस सुटी! निम्म्या मुली कोलंबसाला धरून बसल्या आहेत. तुम्ही तीस वर्षे अकोल्यात भूगोल शिकवला, तेव्हा माझा माणूस तुम्हीच निवडा.

मेच्या आरंभी आम्ही आठ दिवस चिखलदऱ्याला जातो आहोत. काकूला पाठवाल का, असे आईने विचारले आहे. गेल्या दिवाळीत काकूनेच विषय काढला होता. तिने दुसरे काही मागितल्याचे आईला आठवत नाही.

लोभ करता तसाच करावा.
आपली सिंधू


अकोला, ता. ९ एप्रिल

चि. सिंधूस अनेक आशीर्वाद.

कोलंबसाचे नाव काढू नकोस. निघाला आशियाला, लागला भलतीकडे, आणि मरेपर्यंत आपलेच खरे म्हणत राहिला. चूक कबूल न करणाऱ्याच्या नावाने सुटी कसली? तू कॅप्टन कुक घे. जाईल तिथला किनारा त्याने मोजून कागदावर उतरवला. सोबत चार पाने टिपण आहे.

चिखलदऱ्याचे म्हणशील, तर भिंतीवरच्या नकाशात मी तो तुझ्या काकूला दाखवला. मोहरीएवढा ठिपका! त्यासाठी आठ दिवस घर टाकायचे? शिवाय मला पोटाचे पथ्य. तिला पटलेले दिसते, कारण चार दिवस ती काही बोललेली नाही.

वामनकाकाचे आशीर्वाद आहेतच.

ता. क. टिपण वाचून दाखवताना मात्र एकदा बोलली. तो मानूस तीन-तीन वर्सं दर्यावर फिरून राहिला, तं त्याच्या घरी कोन होतं, असे तिने विचारले. बायकोचे नाव मला ठाऊक नाही. भाषणात त्याचे कामही नाही.


अमरावती, ता. २४ एप्रिल

ती. स्व. काकांस शि. सा. नमस्कार.

हे पत्र काकूला मोठ्याने वाचून दाखवावे, मधले काही गाळू नये.

तुमचे टिपण बिनचूक होते, पण मी काकूचाच प्रश्न धरला. नाव बाईंनी शोधून दिले: एलिझाबेथ. नवरा समुद्रावर, आणि इकडे लेकरे वाढवली तिने, काही गेली तीही तिच्याच मांडीवर. मी म्हटले, कुक मला आवडतो, पण तो जन्मभर हिंडलाच. जी घरी राहिली, तिला सुटी द्या. मोठ्या बाई बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या की, येत्या सोमवारी शाळा बंद, एलिझाबेथ कुकच्या नावाने. कोलंबसवाल्यांनीही टाळ्या पिटल्या.

त्या सोमवारी सकाळच्या गाडीने आई आणि मी काकूला न्यायला येत आहोत. काका, तुमची भीती वाटते, पण काकूचे फार वाईट वाटते. पथ्याला वरणभातच तर लागतो.

रागावलात तरी लोभ सोडू नये.
सिंधू


अकोला, ता. ७ मे

चि. सौ. गोदाबाईस आशीर्वाद.

सिंधू वाचून दाखवील. तिनेही काही गाळू नये.

तू गेल्यावर मी मिठाच्या शोधात निघालो. फळीवर बावीस डबे, एकावरही नाव नाही. पांढरे दिसले ते वरणात घातले. जिभेला मिठी बसली. शेजारच्या शालिकरामांनी चाखून ती तुरटी असल्याचे सांगितले, तरी मीठ जुने असेल म्हणून मी त्यांच्याशी वाद घातला, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा घातले. कोलंबसाला मी उगाच फार बोललो.

तीस वर्षे या घरात जेवलो, पण स्वयंपाकघर मला नकाशावरच्या त्या ठिपक्याएवढेही माहीत नव्हते. माझे चुकले. तुला आणखी चार दिवस राहावेसे वाटते, पण माझ्या पथ्यापायी तू गप्प आहेस, असे वहिनींनी कळवले आहे. राहा. आल्यावर तिथे काय काय पाहिलेस ते मला सांग. मी ऐकायला बसेन.

लोभ तुझ्याकडून नेहमी मिळालाच आहे.
वामन

ता. क. मिठाचा डबा कितवा, ते उलट टपाली कळव.